कारण आणि अपराधी

घरांत कांहीं बिघडलें, फुटलें किंवा हरवलें म्हणजे आपल्या तोंडून जो पहिला प्रश्न बाहेर पडतो, तो 'हें कशानें झालें?' असा क्वचितच असतो. बहुधा तो 'हें कोणीं केलें?' असाच असतो. हे दोन प्रश्न एकमेकांना इतके चिकटून राहतात कीं, त्यांत कांहीं भेद आहे हें पुष्कळांच्या जन्मभर लक्षांत येत नाहीं. पहिला प्रश्न कारणाचा शोध घेतो, दुसरा अपराध्याचा. पहिल्याला वेळ लागतो, वांकून पाहावें लागतें, हात ओले करावे लागतात. दुसऱ्याचें उत्तर खुर्चींत बसल्याबसल्या मिळतें. हा भेद मला वयाची साठी उलटल्यावर समजला, आणि तोही एखाद्या ग्रंथावरून नव्हे, तर कपडे धुण्याच्या एका गळक्या यंत्रावरून. त्या शिकवणीची फी मात्र मीं भरली नाहीं. ती दुसऱ्याच कोणाला भरावी लागली. ती हकीगत सांगितल्यावांचून या विषयावर कांहीं लिहिण्याचा मला अधिकार पोंचत नाहीं, म्हणून प्रथम तीच सांगतों.

आमचें बिऱ्हाड पुण्यांतील एका पांच मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघराला लागून एक लहानसा सज्जा आहे. इमारती बांधणारे लोक त्याला 'ड्राय बाल्कनी' म्हणतात. भांडीं तेथेंच घासलीं जातात, फडकीं तेथेंच पिळलीं जातात आणि कपडेही तेथेंच धुतले जातात. तेव्हां साऱ्या घरांत जर कोणती जागा कधींच कोरडी नसेल, तर ती हीच. या सज्ज्यांत आमचें कपडे धुण्याचें यंत्र आहे. तें समोरून दार उघडण्याच्या जातीचें असून त्याला आतां सात वर्षें झालीं.

आमच्याकडे घरकामास येणाऱ्या बाईंना आम्ही सर्वजण मावशी म्हणतों. यंत्र येण्यापूर्वीं धुणें त्या हातानें धूत असत. यंत्र आलें तेव्हां धुण्याचे पैसे त्यांच्या पगारांतून कमी करण्यांत आले, आणि कपडे आंत घालणें, साबणाची पूड घालणें, तोटी सोडणें व बंद करणें आणि शेवटीं कपडे वाळत टाकणें एवढें 'किरकोळ' काम त्यांच्याकडे राहिलें. किरकोळ हा शब्द अर्थात् आमचा. मावशींनीं तें सारें मान्य केलें. मान्य करण्यावांचून त्या दुसरें काय करणार होत्या? हा तपशील वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें तो मीं त्यांच्याचविरुद्ध वापरला आहे.

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले असतील. धुणें आटोपलें कीं यंत्राच्या पुढच्या बाजूस जमिनीवर पाणी दिसूं लागलें. प्रथम तें तळहाताएवढें असे. मग ताटाएवढें झालें. आम्ही त्यावर फडकें टाकूं लागलों आणि 'एकदां कोणाला तरी बोलवायला हवें' असें म्हणूं लागलों. असें म्हणण्यांत आणखी आठ दिवस गेले. मग एका सकाळीं खालच्या मजल्यावरील शेजारीणबाई वर आल्या. त्यांच्या सज्ज्याच्या छताला ओल आली होती आणि रंगाचे पोपडे सुटूं लागले होते. त्या सौजन्यानें म्हणाल्या, "काका, एकदां खाली येऊन बघतां का? पाणी तुमच्याकडूनच येतंय असं वाटतं."

त्या वेळीं मावशी चार पावलांवर भांडीं घांसत होत्या. मला फार ओशाळल्यासारखें झालें. आणि ओशाळलेला मनुष्य उत्तर शोधीत नसतो, तो वाट शोधीत असतो. मी म्हणालों, "मावशी पावडर फार घालतात, आणि कपडेही ठासून भरतात. फेंस बाहेर येतो, दुसरं काय?" मावशींनीं हात न थांबवितां उत्तर दिलें, "साहेब, पावडर मी मापानंच घालते." त्यावर मी म्हणालों, "कितीदां सांगितलं तुम्हांला!" वस्तुतः मीं त्यांना एकदांच सांगितलें होतें, आणि त्यालाही दोन वर्षें होऊन गेलीं होतीं.

माझा तर्क अगदींच निराधार होता असें नाहीं. या जातीच्या यंत्रांत पाणी थोडें घेतलें जातें आणि कपडे आडव्या पिंपांत वर जाऊन खालीं पडत राहतात. हातानें धुण्याची साधी पूड त्यांत घातली तर फेंस बेसुमार होतो आणि साबणाच्या खणावाटे बाहेर येऊं शकतो. म्हणूनच अशा यंत्रांसाठीं कमी फेंसाची पूड निराळी मिळते. दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं तसा प्रकार एकदां घडलाही होता. शिवाय या यंत्रानें मावशींच्या पगाराला कात्री लावली होती, तेव्हां त्यांना त्याबद्दल विशेष ममत्व कोठून असणार, असाही एक विचार माझ्या मनांत येऊन गेला. पूर्वींचा दाखला आहे, प्रसंगीं हजेरी आहे, आणि मनांत अढी असण्याचें कारणही आहे. एखाद्या फौजदारालासुद्धां याहून अधिक काय हवें असतें?

दुसऱ्या दिवसापासून मावशींनीं यंत्राला हात लावला नाहीं. कोणी कांहीं न सांगतां त्यांनीं कपडे न्हाणीघरांत नेले आणि उकिडव्या बसून, ब्रशानें घांसून, हातानें धुतले. वाढीव पैशांची गोष्टही काढली नाहीं. असें आठवडाभर चाललें, आणि त्या आठवड्यांत सज्ज्याची फरशी खडखडीत कोरडी राहिली! मी विजयानें पत्नीला म्हणालों, "पाहिलंस?" ती म्हणाली, "पण मशीन तरी कुठं लावलंय?" तिचें हें बोलणें मीं ऐकलें, मनावर घेतलें नाहीं. त्याच संध्याकाळीं जिन्यांत शेजारीणबाई भेटल्या, तेव्हां मीं त्यांना आश्वासन दिलें कीं, कारण सांपडलें आहे, आमच्या मावशींचा हलगर्जीपणा होता, आतां पाणी येणार नाहीं. मावशी त्यांच्याही घरीं केरवारे व भांडीं करीत असत. हें मला ठाऊक नव्हतें असें नव्हे. बोलतांना तें आठवलें नाहीं, इतकेंच. पहिल्या तारखेला त्या घरीं मावशींना पगार देऊन 'उद्यांपासून येऊं नका' असें सांगण्यांत आलें.

त्यानंतर चारच दिवसांनीं आमची मुलगी रजेवर घरीं आली. ती नोकरीनिमित्त बंगळूरास असते. आल्याबरोबर तिनें प्रवासांतले कपडे यंत्रांत घातले, आणि तासाभरानें पाहतों तों यंत्रापुढें पाण्याचें थारोळें! मी म्हणालों, "तूंही पावडर जास्त घातलीस." तिनें वाद घातला नाहीं. फरशी पुसून घेतली, आणि कपडे नाहींत, पूड नाहीं, नुसतें पाणी अशा स्थितींत यंत्र पुन्हां चालविलें. पुन्हां तसेंच थारोळें. "बाबा," ती म्हणाली, "आतां फेंस कुठं आहे?"

मग जी चौकशी झाली ती मीं आरंभींच करावयास हवी होती. प्रथम तिनें विजेची पिन काढून ठेवली, कारण पाणी आणि वीज यांची गांठ पडूं देणें केव्हांही घातक. मग यंत्र थोडें पुढें ओढून खालची व मागची फरशी कोरडी केली आणि पुढें, मागें व दोन्ही बाजूंस जुनीं वर्तमानपत्रें पसरलीं. ओला कागद लगेच काळपट दिसतो. पाणी पहिल्यानें कोठें आलें याची तो बिनचूक साक्ष देतो. ती म्हणाली कीं, अशा गळतीला दोनच प्रश्न विचारावयाचे: केव्हां गळतें आणि कोठून गळतें. पाणी आंत येतांना गळत असेल तर पाणी आणणारी नळी किंवा साबणाचा खण पाहावा. पिंप फिरत असतां दाराखालून गळत असेल, तर दाराभोंवतींचें रबरी कडें पाहावें. खिशांत राहिलेलें नाणें, टांचणी किंवा केसांचा आंकडा त्याला चीर पाडतो, किंवा नुसता एखादा धागा मध्यें अडकला तरी दार नीट बसत नाहीं. मैलें पाणी बाहेर टाकतांना गळत असेल, तर पंप, त्याची खालची गाळणी आणि निचऱ्याची नळी पाहावी. कपडे पिळण्यासाठीं पिंप मिनिटाला १००० किंवा त्याहून अधिक फेरे घेऊं लागल्यावर मधोमध खालीं गळत असेल, तर पिंपाच्या आंसाजवळील रबर झिजलें असण्याचा संभव असतो, आणि तें काम कारागिराचें. आणि यंत्र मुळींच चालत नसतां गळत असेल, तर यंत्राच्या पोटांत शिरण्यापूर्वीं बाहेरच पाहावें.

हा शेवटला प्रकार तिनें आधीं तपासावयाचें ठरविलें, कारण तो सर्वांत सोपा. यंत्र बंद ठेवून तिनें फक्त मागची तोटी उघडली. यंत्राच्या आंतील झडप मिटलेली असली, तरी तोटी उघडतांच नळींत पाण्याचा दाब येतोच. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोग्रॅम असतो, आणि गच्चीवरील टाकी आमच्या सज्ज्यापासून जवळजवळ तितकीच उंच आहे. पांच मिनिटांत मागच्या कागदावर एक काळा ठिपका उमटला. नळी यंत्राच्या पाठीला जेथें जोडलेली होती, तेथून थेंब निघून पाठीवरून खालीं ओघळत होता. पुढचे कागद बराच वेळ कोरडे होते. मग यंत्राच्या खालून पाण्याची एक बारीक रेघ सरकत सरकत आली आणि नेहमींच्याच जागीं येऊन थांबली. फरशीला उतार पुढच्या बाजूस, मोरीकडे आहे. पाणी जेथें आम्ही रोज पुशीत होतों, तेथें तें गळतच नव्हतें; तेथें तें नुसतें पोंचत होतें.

यंत्र आटोपलें कीं मागची तोटी बंद करावयाची ही आमच्या घरची जुनी शिस्त, आणि मावशी ती कधींही विसरत नसत. म्हणूनच गळती तासाभरापुरती राही. त्या एखादे दिवशीं विसरल्या असत्या तर पाणी रात्रभर झिरपलें असतें आणि खालच्या छताचें काय झालें असतें याची कल्पनाच केलेली बरी. ज्या हातांवर मीं आळ घेतला होता, ते हातच इतके दिवस नुकसान आवरून धरीत होते.

आतां त्या जोडाची कथा. दिवाळीच्या साफसफाईंत यंत्रामागचा कोपरा धुण्यासाठीं यंत्र पुढें ओढून नळी काढावी लागली होती. ती पुन्हां जोडण्याचे प्लंबर ३०० रुपये मागत होता. 'एवढ्याशा कामाला?' असें म्हणून ती नळी मीं स्वतः जोडली. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, आणि नळीची प्लॅस्टिकची चकती हातानें घट्ट झाल्यावरही पान्यानें आणखी आवळली. अशा जोडांत पाणी आटे अडवीत नाहींत. तें चकतीच्या पोटांतील चपटा रबरी वायसर अडवितो, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. टेपेचा तेथें कांहीं उपयोग नसतो, आणि अति आवळल्यानें वायसर दबून एका बाजूस सरकतो. माझा वायसर तसा अर्धा बाहेर आला होता. नवा १० रुपयांना मिळाला. तो बसवून चकती नुसत्या हातानें फिरविली. कागद कोरडे राहिले.

येथें यंत्राची हकीगत संपली. माझी संपली नाहीं. तो तुटका वायसर हातांत घेऊन मी उभा होतों, तेव्हां माझ्या मनांत पहिलें वाक्य कोणतें आलें असेल? 'सात वर्षांचा वायसर. आज ना उद्यां गेलाच असता.' दुसरें आलें, 'नळी जोडण्याचें शिक्षण आम्हांला कोणीं दिलें आहे?' आणि तिसरें, 'तो प्लंबर जर एवढे पैसे न मागता!' वाचकांनीं या तीन वाक्यांकडे जरा पाहावें. त्यांत एकही अपराधी नाहीं. आहेत तीं सारीं कारणेंच! रबराचें वय, शिक्षणाचा अभाव, बाजारभाव. जी कारणमीमांसा मीं मावशींसाठीं पांच मिनिटेंही केली नव्हती, ती स्वतःसाठीं मला क्षणांत सुचली. दुसऱ्याच्या हातून घडलें म्हणजे 'कोणीं?' आणि आपल्या हातून घडलें म्हणजे 'कशानें?' अशा दोन भाषा आपण बोलत असतों, आणि एकीवरून दुसरीवर केव्हां येतों हें आपल्याला कळतही नाहीं.

माझी चूक नुसत्या उतावळेपणाची होती असें म्हणून सुटतां येईल का? तसें वाटत नाहीं. कारण मजजवळ एक पुरावाही होता आणि तो मीं शास्त्रीय समजत होतों. मावशी यंत्र लावीत तेव्हां पाणी येई. त्यांनीं सोडलें तेव्हां थांबलें. अन्वयही जुळला आणि व्यतिरेकही जुळला! जॉन स्टुअर्ट मिल्ल यानें १८४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत कारण शोधण्याच्या ज्या रीती सांगितल्या, त्यांत भेदाच्या रीतीला फार महत्त्व आहे. पण तिची अट अशी कीं, तुलना केलेल्या दोन प्रसंगांत एकाच गोष्टीचा फरक असला पाहिजे. माझ्या प्रयोगांत मावशींचा हात निघाला, त्याबरोबर पूडही निघाली, यंत्रही थांबलें, आणि मुख्य म्हणजे मागची तोटी उघडणेंही थांबलें. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि त्यांतून मला सोयीची एक मीं निवडली. पत्नीनें चार शब्दांत जें सांगितलें होतें, तें मिल्लच्या अटीहून निराळें नव्हतें.

आमचे नैयायिक याविषयीं आणखी सावध होते. एखादी गोष्ट कार्यापूर्वीं नेहमीं असते, एवढ्यानेंच ती कारण ठरत नाहीं. ती 'अन्यथासिद्ध', म्हणजे तिच्यावांचूनही कार्याची उपपत्ति लागते अशी, नसली पाहिजे. सतराव्या शतकांतील विश्वनाथ पंचाननाच्या 'भाषापरिच्छेदां'त या अन्यथासिद्धाचे पांच प्रकार दिले असून शेवटच्या प्रकाराचें उदाहरण म्हणजे कुंभाराचें गाढव. मडकें घडण्यापूर्वीं तें अंगणांत उभें असतें. पुष्कळदां मातीही त्यानेंच वाहून आणलेली असते. तथापि मडक्याचीं कारणें माती, चाक, दांडा आणि कुंभार हींच होत. नेहमीं जवळ असणें हा कारण असण्याचा पुरावा नव्हे. उदाहरणांतील त्या प्राण्याची जागा मावशींना देणें म्हणजे त्यांचा दुसऱ्यानें अपमान करणें होय. शिवाय या हकीगतींत त्या पदाचा खरा मानकरी कोण, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. पण घरांत राबणाऱ्या माणसाची अडचण त्यांत नेमकी आली आहे. जो सर्वांत अधिक काम करतो, तोच प्रत्येक मोडतोडीच्या वेळीं जवळपास असतो. खुर्चींत बसून राहणाऱ्याच्या हातून कप फुटत नाहीं.

आणि एवढ्यानेंही सारें उलगडत नाहीं. मावशींच्या ऐवजीं त्या दिवशीं यंत्र पत्नीनें लावलें असतें, तर शेजारीणबाईंसमोर तिच्याविषयीं मी तसें बोललों असतों का? कदाचित् हळू आवाजांत. मुलीनें लावलें असतें तर? हंसण्यावारी नेलें असतें. आणि एखाद्या प्रतिष्ठित पाहुण्यानें लावलें असतें तर 'यंत्रच जुनें झालें आहे' असें मीच पुढें होऊन म्हटलें असतें. पुरावा सर्व बाबतींत सारखाच, पण निकाल मात्र माणसागणिक निराळा. मला त्या कागदावरील ओल्या रेघेची आठवण होते. पाणी ज्याप्रमाणें उगमाजवळ न थांबतां उताराकडे जातें, त्याप्रमाणें दोषही घरांत, कचेरींत, सर्वत्र उतारानेंच वाहतो: साहेबांकडून कारकुनाकडे, कारकुनाकडून शिपायाकडे, थोरांकडून पोरांकडे, आणि घरच्यांकडून मोलकरणीकडे. जेथें तो सांचतो, तेथेंच तो उगम पावला असें आपण मानतों आणि तेवढी जागा पुसून काढतों. आम्ही मावशी म्हणतों खरें. पण फरशीचा उतार ज्या दिशेला होता ती दिशा त्या संबोधनानें यत्किंचितही बदलली नव्हती.

यावर कोणी विचारतील कीं, सगळीकडे कारणेंच शोधावयाचीं, तर मग जबाबदारी म्हणून कांहीं उरतच नाहीं काय? चोराचें कारण दारिद्र्य, लांचखाऊचें कारण महागाई, आणि माझें कारण वायसर! हा आक्षेप पोकळ नाहीं. कारणमीमांसेच्या आडोशाला बसून पुष्कळ लबाडी सुखानें नांदते, हें मी नुकतेंच स्वतःच्या उदाहरणानें दाखविलें आहे. परंतु माझें म्हणणें जबाबदारी नसते असें नव्हे. ती कारणानंतर येते, एवढेंच. काय घडलें हें नक्की झाल्यावर मग विचारावें: तें टाळणें त्याच्या हातीं होतें काय? तें त्याला कळणें शक्य होतें काय? आणि तें पाहणें त्याचें काम होतें काय? या तीन प्रश्नांची उत्तरें मावशींच्या बाबतींत द्यावयाची वेळच येत नाहीं, कारण त्या कारणांतच बसत नाहींत. माझ्या बाबतींत तीं द्यावींच लागतात. नळी चुकीची जोडली, ती अज्ञानानें. ती चूक होय, आणि चूक १० रुपयांत भरून निघाली. पण न पाहतां आळ घेतला, तो अज्ञानानें नव्हे. मला माहीत नाहीं, हें मला माहीत होतें. तरीही मी बोललों, कारण बोलणें मला सोयीचें होतें. पहिली चूक, दुसरा अपराध. गंमत अशी कीं, घरांत अपराधी शोधायला निघालेल्या मला अपराधी अखेर सांपडला, पण तो गळतीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशीं मावशी आल्यावर मीं त्यांना तो वायसर दाखविला आणि दोष माझा होता असें सांगितलें. त्यांनीं तो हातांत घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाल्या, "मी नाही, हे मला ठाऊकच होतं साहेब. पण मग कोण, ते मला कुठून ठाऊक असणार?" या वाक्यानें मला जितकें शिकविलें तितकें वरील ग्रंथकारांनींही शिकविलें नाहीं. निर्दोष माणसाजवळ 'मी नव्हे' एवढाच पुरावा असतो. खरें कारण काय, हें त्याला ठाऊक नसतें. तें ठाऊक असावयास तो त्या कृत्यांत असावयास हवा होता. आणि आपण तर त्याला म्हणतों, 'तूं नव्हेस, तर मग दुसरें कारण दाखव!' न्यायालयांत असें कोणी म्हणूं लागला तर त्याला आडवायला वकील असतो. घरांत फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच असतो, आणि तो बहुधा चहा पीत असतो.

त्याच संध्याकाळीं मी खालीं गेलों. जें जिन्यांत बोललों होतों तें दारांत उभें राहून परत घेतलें. छत रंगवून देण्याचें कबूल केलें, आणि मावशींना पुन्हां कामावर घेण्याची विनंति केली. शेजारीणबाईंना खरोखर वाईट वाटलें. पण त्यांनीं दुसरी बाई ठेवली होती. त्या म्हणाल्या, "काका, आतां हिला काय सांगून काढूं? हिचा तर कांहींच दोष नाहीं." यावर मला उत्तर सुचलें नाहीं, आणि आजही सुचत नाहीं. मावशींना दुसरें काम मिळेपर्यंत दोन महिने गेले. तेवढ्या दोन महिन्यांचा त्या घरचा पगार आम्ही दिला. त्यांनीं तो मोजून घेतला आणि आभार मानले नाहींत. तें अगदीं योग्य झालें, असें मला वाटतें. तो कांहीं आमचा उपकार नव्हता.

छत कोरडें झालें, त्याला रंग लागला, यंत्रही ठीक चाललें आहे. धुण्याचें काम मावशी पुन्हां यंत्रावर करूं लागल्या आहेत. एकच गोष्ट नवी झाली आहे. तोटी सोडण्यापूर्वीं आणि बंद केल्यानंतर त्या आमच्यापैकीं कोणाला तरी हांक मारतात, आणि फरशीकडे बोट दाखवून म्हणतात, "साहेब, बघा, कोरडं आहे." मीं त्यांना दोनतीनदां सांगून पाहिलें कीं, याची कांहीं गरज नाहीं. त्या 'बरं' म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां हांक मारतात. मी उठतों, सज्ज्यांत जातों, आणि फरशी पाहून 'हो, कोरडी आहे' असें म्हणतों.